आहेराची वही

लग्नात तीन माणसं महत्त्वाची: नवरा, नवरी आणि आहेराच्या वहीवर बसलेला मामा. पहिल्या दोघांना त्या दिवशी कोणी काही विचारत नाही. मामाला सगळे विचारतात, आणि मामा कोणालाच काही सांगत नाही.

आमचे थोरले मामा या कामात वाकबगार होते. मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर दोनशे पानी वही, पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदीकुंकवाची दोन बोटं. पाकीट आलं की फोडायचं, नोट उजेडाकडे धरायची, मग लिहायचं. नाव, गाव, रक्कम. गावाकडे तेव्हा माइकवरून आहेर पुकारायची पद्धत होती. माइकवाला हौशी. पाव्हणा त्याच्या कानात 'पाचशे एक' पुटपुटला की तो मांडवभर 'पाचशे एक' दणकावून द्यायचा. पाकिटातून एकशे एक निघाले की मामा मुकाट वहीत एकशे एक लिहीत. कोणी डोळे वटारले तर म्हणत, "माइकला नुसतं तोंड असतं. वहीला डोळे असतात."

आणि वही असायची घेणाऱ्याची. पाहुणा स्वतःची वही काखोटीला मारून आलाय, स्वतःच आकडा लिहितोय, वर स्वतःच टोटल मारतोय, असं मी कुठल्या लग्नात पाहिलं नव्हतं. आता पाहतोय. हे लग्न बहुतेक नोव्हेंबरात असतं, मांडव दर वर्षी वेगळ्या देशात पडतो आणि पत्रिकेवर 'कॉप' असं छापलेलं असतं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद.

२००९ साली कोपनहेगनच्या मांडवात श्रीमंत देशांनी माइक हातात घेतला आणि पुकारा केला: २०२०पर्यंत आम्ही गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. हवामान आम्ही बिघडवलं, असं काही ते म्हणाले नाहीत. एवढं स्वच्छ बोलायची त्या खानदानात रीत नाही. २०२० उजाडलं. वहीत भरले ८३.३ अब्ज. मग २०२२ साली ११५.९ अब्ज झाले आणि वचन पाळल्याचे पेढे वाटले गेले. ही टोटल मारली कोणी? ओईसीडीने. ही पॅरिसमध्ये कचेरी असलेली, मुख्यतः श्रीमंत देशांचीच संघटना. म्हणजे वरपक्षाचा मामा.

या मामाला पाकीट फोडायची सवय नाही. पाकिटावर जे लिहिलंय तेच वहीत. हवामान निधी नेमका कशाला म्हणायचं, याची सगळ्यांना मान्य अशी व्याख्याच आजवर ठरलेली नाही. ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे कळवायचं. मग समजुती कुठवर जातात पाहा. रॉयटर्सने २०२३ साली या पाकिटांतली काही फोडली. इटलीने एका कंपनीला आशियात चॉकलेट-आइस्क्रीमची दुकानं काढायला हातभार लावला होता, हवामान निधी. अमेरिकेने हैतीत समुद्रकाठचं हॉटेल वाढवायला कर्ज देऊ केलं, हवामान निधी. बेल्जियमने अर्जेंटिनाच्या जंगलात घडणाऱ्या एका प्रेमकथेच्या सिनेमाला पैसे दिले. त्यात जंगलतोडीचा विषय आहे म्हणे. जपानने इजिप्तमधला विमानतळ वाढवला, आणि बांगलादेशात कोळशावरचं वीज केंद्र उभारायला पैसे दिले. होय, कोळशावरचं. जुन्या केंद्रांपेक्षा हे जरा कमी धूर सोडतं. सोळा विड्या ओढणाऱ्याला बारा विड्यांचं पाकीट द्यायचं आणि वहीत लिहायचं, 'व्यसनमुक्तीस सप्रेम भेट'.

आइस्क्रीमचं मात्र मला पटतं. उकाडा वाढणार, तर लोकांनी खायचं काय?

हा खेळ आपल्याकडच्या लोकांच्या आधीच लक्षात आला होता. २०१५ साली पॅरिसच्या परिषदेच्या तोंडावर ओईसीडीने जाहीर केलं की २०१४ सालात ६२ अब्ज डॉलर पोहोचले. दिल्लीच्या अर्थ मंत्रालयातल्या मंडळींनी पाकिटं उजेडाकडे धरली आणि कळवलं, हाताला लागणारा पक्का आकडा २.२ अब्जांचा दिसतो. ६२ आणि २.२. इतका फरक आमच्या माइकवाल्यालाही कधी जमला नाही. पुढे ऑक्सफॅमनेही हिशेब केला: २०२०च्या ८३.३ अब्जांची खरी किंमत २१ ते २४.५ अब्जच.

मधले कुठे गेले? कुठेच नाही. त्यातलं बरंचसं कर्ज होतं.

ही या वहीतली सगळ्यात मजेची नोंद. २०२२ सालच्या सरकारी हवामान निधीत दर दहा डॉलरमधले सात कर्जाऊ होते. ते वहीत धरताना पूर्ण रकमेने धरतात. परत येणारे हप्ते वजा करत नाहीत. म्हणजे पाहुण्याने मांडवात येऊन नवरीच्या हातात पाकीट ठेवायचं, फोटो काढायचा, आणि पाकीट फोडावं तर आत हप्त्याचं वेळापत्रक. खाली टीप: पहिला हप्ता सोळाव्या दिवसापासून.

थट्टा वाटते ना? मोझांबिकला विचारा. मार्च २०१९मध्ये इडाई चक्रीवादळाने तिथलं बेइरा शहर पाण्यात घातलं. देश आधीच कर्जात रुतलेला. महिनाभराने आंतरराष्ट्रीय नाणेनिधी धावून आला आणि त्याने ११.८ कोटी डॉलर दिले. बिनव्याजी, हे खरं, पण कर्जच. पाकिस्तानचंही तेच. २०२२च्या पुरानंतर, जानेवारी २०२३मध्ये जिनिव्हाला नऊ अब्ज डॉलरहून मोठा आहेर पुकारला गेला. दोनच दिवसांत तिथल्या सरकारने सांगून टाकलं की यातला बहुतेक भाग कर्ज आहे. शेजाऱ्याच्या नळाने तुमच्या घरात पाणी शिरलं, तर तो बादली घेऊन येतो; बादलीचं भाडं मागत नाही. निदान आमच्या चाळीत मागत नसत.

या सगळ्या कारभारातला एक शब्द मला फार आवडतो. इंग्रजीत अ‍ॅडॅप्टेशन. सरकारी मराठीत अनुकूलन. घरात याला साधा शब्द आहे: जुळवून घेणं. पाठवणीच्या वेळी मुलीच्या कानात सांगतात तेच. "जुळवून घे गं बाई." सासूला कोणी सांगत नाही, नणंदेला सांगत नाही, ताट आपटणाऱ्या नवऱ्याला तर नाहीच. जुळवून घ्यायचं ते जिच्या हातात काही नाही तिने.

तुवालूला जग हेच सांगतंय. प्रशांत महासागरातला हा दहा-अकरा हजार वस्तीचा देश. ग्लासगोच्या परिषदेसाठी त्यांचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण केलं. फोटो जगभर छापला गेला. लोक हळहळले. मग ऑस्ट्रेलियाने करार केला, वर्षाला २८० तुवालूकरांना आम्ही राहायला घेऊ. २०२५ साली पहिल्या सोडतीसाठी नावं मागवली, तर कुटुंबकबिला धरून देशातल्या पाचांतल्या चार जणांनी नाव दिलं. ज्या मुलीचं माहेरच बुडतंय तिने कुठे, कशाशी जुळवून घ्यायचं, याची पुस्तिका अजून निघालेली नाही. निघेल. गुळगुळीत कागदावर निघेल.

बरं, जुळवून घ्यायला पैसे लागतात, आणि याच खात्यात सगळ्यात कमी पैसे येतात. कारण उघड आहे. सौर प्रकल्पाला कर्ज दिलं तर वीज विकून हप्ता फेडता येतो. समुद्राच्या बंधाऱ्याला दिलं तर काय विकायचं? न आलेला पूर? न मेलेली म्हैस? त्यामुळे गुंतवणूकदार बंधाऱ्याकडे बघून नुसतं कौतुकाने मान डोलावतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२५चा अहवाल सांगतो की २०३५पर्यंत गरीब देशांना या कामासाठी वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील. २०२३ साली परदेशी सरकारी पैसा आला २६ अब्ज. त्याच्या आदल्या वर्षी २८ होता. ग्लासगोत तर वचन होतं की २०२५पर्यंत दुप्पट करू, म्हणजे ४० अब्जांच्या घरात नेऊ. दुपटीचा हा पाढा आमच्या शाळेत शिकवला नव्हता.

नुकसानभरपाईचं खातं वेगळं, म्हणजे जुळवून घेऊनही जे गेलंच त्याचं. भरपाई हा शब्द मात्र तिथे काढायचा नाही, कोर्टाचा वास येतो. 'हानी आणि नुकसान निधी' म्हणायचं. २०२२ साली शर्म अल शेखला ठरला, २०२३ला दुबईत पहिल्याच दिवशी टाळ्यांच्या गजरात सुरू झाला. सगळ्या जगाने मिळून पुढच्या दोन वर्षांत त्यात पुकारले ७७ कोटी डॉलरच्या आसपास. रुपयांत साडेसहा हजार कोटी म्हणा. आयपीएलच्या प्रक्षेपणाचे २०२३ ते २०२७चे हक्क विकले गेले ४८,३९० कोटींना. वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. म्हणजे सगळी पृथ्वी मिळून एक हंगामसुद्धा विकत घेऊ शकली नसती. प्लेऑफच्या आधीच पडदा काळा झाला असता. आणि हा माइकवरचा आकडा आहे, पाकिटातला नाही.

२०२४ला मांडव बाकूमध्ये. गरीब देश मागत होते वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर. नोव्हेंबरातल्या एका अपरात्री, अर्धे लोक बॅगा भरून विमानतळाच्या वाटेला लागलेले असताना, अध्यक्षांनी ३०० अब्जांवर हातोडा आपटला. तेही २०३५पर्यंत, आणि सरकारी, खासगी, मिळेल त्या झऱ्यातून. भारताच्या चांदनी रैना यांना बोलायचं होतं. अक्षता आधीच पडल्या होत्या. मग त्यांनी उठून सांगितलं की हा कागद निव्वळ दृष्टिभ्रम आहे. टाळ्या पडल्या. ठराव तसाच राहिला. आपल्याकडेही मंगलाष्टकं संपल्यावर एखादी आत्या खरं बोलतेच.

२०२५ला ब्राझीलमध्ये, बेलेंला. तिथे ठरलं, अनुकूलनाचा पैसा २०३५पर्यंत तिप्पट करण्याचे प्रयत्न व्हावेत. कशाच्या तिप्पट, ते धड लिहिलेलं नाही. पण अगदीच काही झालं नाही असं कसं म्हणू? जुळवून घेणं किती झालं हे मोजायला ५९ निर्देशक मंजूर झाले. वहीला ५९ रकाने पडले! रकमेची जागा कोरी असली तरी रेघा काय सुरेख मारल्यात.

आता तुम्ही म्हणाल, लांबचं काय सांगता. जवळचं सांगतो. मराठवाड्यात 'पोकरा' हा शब्द माहीत नसलेला शेतकरी विरळा. "तुमचं गाव पोकरात बसलंय का?" हे सोयरीक जुळवताना विचारत नाहीत इतकंच. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हे त्याचं पाळण्यातलं नाव. मराठवाडा, विदर्भातला दुष्काळी आणि खारपाण पट्टा, जळगाव अशी पहिल्या टप्प्यात मिळून ५,१४२ गावं. शेततळं, ठिबक, शेडनेट, रुंद सरी-वरंबा. कामं चांगली आहेत, मी नावं ठेवणार नाही. भर मे महिन्यात शेततळ्याच्या काळ्या कागदावर वीतभर पाणी हललेलं ज्याने पाहिलंय, तो त्या कामाला नावं ठेवूच शकत नाही.

पण पैशाची वाट बघा. २०१८ साली जागतिक बँकेने राज्याला यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. कर्ज. गावात नियम असा की आधी काम पदरच्या पैशाने करायचं, बिलं चढवायची, तपासणी व्हायची, मग अनुदान खात्यात. पदरात पैसे असते तर तो योजनेच्या दारात कशाला आला असता? तेव्हा तो उसने काढतो. मेहुण्याकडून, कृषी सेवा केंद्रवाल्याकडून, नाहीतर ज्याच्याकडे जायचं नाही असं बायकोला वचन दिलेलं असतं त्याच्याकडून. म्हणजे बघा, बँकेचं राज्याला कर्ज, गावात शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज, आणि अशा बँकांनी दिलेल्या कर्जाचा हिस्सा तिकडे पॅरिसच्या वहीत श्रीमंत देशांनी केलेला आहेर म्हणून जमा. पाऊस कोणी बिघडवला? ज्याच्या नावावर आहेर आहे त्याने. कर्ज कोण फेडतंय? ज्याचं सोयाबीन ऐन काढणीत भिजलं तो.

सगळीकडे असंच आहे म्हटलं तर पाप लागेल. दक्षिण कोरियात ज्याची कचेरी आहे त्या हरित हवामान निधीने २०१८ साली आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले, आणि हे अनुदान होतं, सरळ. परत करायचं नाही. त्यातून सिंधुदुर्गाच्या खाड्यांत तिवरांची राखण, कालवं आणि चिखली खेकड्यांची पैदास अशी कामं निघाली. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात बचत गटातल्या बायका जाळीच्या कुंपणात खेकड्यांना मासळीचे तुकडे टाकतात. खेकडा दोन्ही नांग्या वर करून येतो, तुकडा घेतो, तिरका तिरका मागे सरकतो. घेताना असा संशय धरणारा लाभार्थी मी दुसरा पाहिला नाही. हवामान निधीचा एकूण कारभार त्याला कोणीतरी समजावून सांगितला असावा.

आणि बांगलादेश. १९७०च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. १९९१ला एक लाख अडतीस हजारांच्या आसपास. २०२०च्या अम्फानमध्ये त्या देशात तीसच्या आत. मधल्या पन्नास वर्षांत वादळं काही सभ्य झाली नव्हती. निवारे बांधले, इशारे वेळेवर पोहोचवले, आणि गावोगाव लाल-काळी निशाणं नि भोंगे घेऊन फिरणारे पाऊण लाखाच्या घरातले स्वयंसेवक तयार केले. त्यात परदेशी पैसाही होता. म्हणून चीड येते. पैसा उपयोगी पडत नाही असं असतं तर एवढा वाद कशाला घातला असता?

आता आमच्या घरच्या वहीविषयी थोडं, नाहीतर मामा वरून बघत असतील. डिसेंबर २०२३मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की २०२१-२२ साली आपण अनुकूलनाशी संबंधित कामांवर देशाच्या सकल उत्पादनाच्या ५.६ टक्के खर्च केले. काहीच्या काही मोठा आकडा. केंद्राचा खास अनुकूलनासाठी म्हणून २०१५ साली निघालेला राष्ट्रीय निधी होता. त्यातून मंजूर झाले ३० प्रकल्प, सगळे मिळून साडेआठशे कोटींच्या आत. मग ५.६ टक्के कुठून आले? 'संबंधित' या शब्दातून. नेहमीचं विकासकाम आणि जुळवून घेणं यांच्यामधली रेघ कुठे ओढायची ते लिहिणाऱ्याच्या हातात. इटलीचं आइस्क्रीम आपल्याला दिसलं. आपल्या फ्रीजमध्ये काय आहे, ते पाव्हण्यांनी उघडून पाहू नये एवढीच इच्छा.

अलिबागेकडे खारेपाटात एक जुनी पद्धत होती, जोळ नावाची. खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून मातीचे बंधारे, आणि ते राखायचं काम गावाचं. ज्याची जेवढी जमीन तेवढी त्याची माणसं. उधाणात बंधाऱ्याला खांड पडली की ओरड व्हायची आणि घरटी माणूस निघायचा. हातात फक्त पुढच्या भरतीपर्यंतचा वेळ, म्हणजे सहा तास. तेवढ्यात माती, पेंढा, दगड घालून खांड बुजवायची. निर्देशक एकच: पाणी आत येतंय की नाही. पुढे कायदे झाले, १९४८चा, मग १९७९चा, बंधारे सरकारकडे गेले, आणि गावाची जोळ मोडत गेली. आता खांड पडली की अर्ज करतात. अंदाजपत्रक होतं. भरती दिवसातून दोनदा येतच असते.

खारेपाटातल्या एका म्हाताऱ्याला मी एकदा विचारलं होतं, "जोळीत कोण आलं, कोण नाही, हे लिहून कोण ठेवायचं हो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवताना घास कोण मोजतं असं विचारलं होतं. "लिवाचा कशाला?" म्हणाले. "जो नाय आला, त्याच्या दारावरनंच परत जायचा ना आमाला. चिखल लागलेल्या पायानं."